अँड्रॉइड की आयफोन: पहिल्यांदा निवड करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नवा फोन घ्यायचा ठरला की चर्चा कॅमेऱ्यापासून सुरू होते आणि रंगापाशी येऊन थांबते. फोन कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, म्हणजे सगळा फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, चालतो हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा सवयीने किंवा कुणाच्या तरी शब्दावर सुटतो. कॅमेरा, पडदा, बॅटरी हे सारे फोनबरोबर बदलते. ऑपरेटिंग सिस्टीम सहसा तशी बदलत नाही, कारण फोटो, संदेश, विकत घेतलेली ॲप, मनगटावरचे घड्याळ आणि घरातल्या माणसांशी जुळलेले व्यवहार हे सगळे हळूहळू तिच्याभोवती साचत जाते आणि दोन-तीन वर्षांनी तिथून उठणे जड होऊन बसते. म्हणून या लेखात सुचवलेला क्रम नेहमीच्या उलट आहे: आधी ऑपरेटिंग सिस्टीम ठरवावी, मग फोन पाहावा; आणि प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारावे, की उद्या इथून बाहेर पडायचे झाले तर आपण बरोबर काय नेऊ शकू?

आज व्यवहारात पर्याय दोनच आहेत: आयफोनवरची आयओएस आणि बाकी बहुतेक फोनांवरचा अँड्रॉइड. ॲपलने पहिला आयफोन २००७ साली विक्रीस आणला, तर अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ च्या शरदात बाजारात आला. त्या काळी सिंबियन आणि ब्लॅकबेरी या ऑपरेटिंग सिस्टीमचा मोठा दबदबा होता. पुढे विंडोज फोनही आला. या तिन्ही व्यवस्था संपल्या, आणि विंडोज फोनच्या बाबतीत मुख्य कारण हे होते, की ॲप बनवणारे तिकडे पुरेशा संख्येने वळलेच नाहीत. ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेवा बंद झाल्या, तेव्हा धडधाकट फोन हातात असूनही कॉल आणि संदेशांसाठी त्याची शाश्वती उरली नाही. नवख्या ग्राहकाने यावरून एवढे लक्षात ठेवावे, की यंत्र चांगले असणे पुरेसे नसते, त्यामागे ॲप आणि अपडेट यांचा वाहता पुरवठा लागतो. चीनमधील ह्वावे कंपनीची हार्मनी ओएस हा तिसरा पर्याय आकार घेत आहे, परंतु तिच्या नव्या आवृत्तीवर अँड्रॉइडची ॲप थेट चालत नाहीत. शिवाय २०१९ मधील अमेरिकी निर्बंधांनंतर आलेल्या ह्वावेच्या नव्या फोनांमध्ये गूगलच्या सेवाही नसतात. आपली रोजची ॲप त्यावर मिळतात याची खात्री झाल्याशिवाय पहिला फोन म्हणून तो घेऊ नये.

उरलेल्या दोघांची तुलना करताना एक गफलत सर्रास होते. आयफोनमध्ये यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम दोन्ही एकाच कंपनीचे असतात, त्यामुळे ‘आयफोन कसा आहे’ या प्रश्नाला साधारण एकच उत्तर असते. अँड्रॉइडचा पाया मुक्त स्रोत आहे. गूगल तो विकसित करते आणि प्रत्येक फोन कंपनी त्यावर आपला थर चढवते. सॅमसंगचा वन यूआय वेगळा, शाओमीचा हायपर ओएस वेगळा, गूगलच्या पिक्सेलवरचे रूप आणखी वेगळे. त्यामुळे स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनचा वाईट अनुभव आल्याने संपूर्ण अँड्रॉइडलाच दोष देणे जितके चुकीचे, तितकेच उत्तम पिक्सेल वापरणाऱ्याच्या शिफारशीवरून कोणताही अँड्रॉइड फोन उचलणेही चुकीचे ठरते. आपल्यापुढचा खरा प्रश्न ‘आयफोन की अमुक कंपनीचा अमुक अँड्रॉइड’ असाच मांडावा.

पहिली पायरी: फोनवर आपण काय करतो, ते लिहून काढा

कागदावर रोजच्या कामांची यादी करावी: बँक, संदेश, फोटो, नकाशे, कार्यालयाचे काम, वाचन, संगीत, मुलांचा अभ्यास. मग दोन्ही ॲप दुकानांत यादीतले प्रत्येक ॲप शोधावे. ही दुकाने फोन न घेताही ब्राउझरमध्ये पाहता येतात. बहुतेक प्रसिद्ध ॲप दोन्हींकडे सापडतील. अडचण नेमकी अप्रसिद्ध पण आवश्यक गोष्टींत येते, जसे कार्यालयाने दिलेले एखादे खास ॲप, श्रवणयंत्र किंवा रक्तातील साखर मोजणारा सेन्सर. अशा उपकरणांचे उत्पादक कोणते फोन आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोणत्या आवृत्त्या चालतात याची यादी प्रसिद्ध करतात. आरोग्याचे उपकरण वापरणाऱ्याने ती यादी सर्वांत आधी पाहावी, कारण तिथे पसंतीला वाव नसतो.

फायली हाताळण्याचे काम जास्त असेल तर अँड्रॉइड सोयीचा पडतो. संगणकाला तारेने जोडला की त्यातील फोल्डर दिसतात आणि हवी ती फाइल हवी तिथे ठेवता येते. विंडोज संगणकाला जोडलेल्या आयफोनमध्ये सहज दिसतात ते मुख्यतः फोटो आणि व्हिडिओ. काही अँड्रॉइड फोनांत मेमरी कार्डही घालता येते, मात्र अशा फोनांची संख्या घटत चालली आहे. आयफोनमध्ये ती सोय कधीच नव्हती, म्हणून तो घेताना साठवण सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी.

अधिकृत दुकानाबाहेरचे ॲप बसवण्याची मुभा अँड्रॉइडमध्ये पूर्वीपासून आहे, तर आयफोनमध्ये ती मोजक्या प्रदेशांपुरती आहे. युरोपीय संघात कायद्यामुळे मार्च २०२४ पासून पर्यायी दुकानांना वाट मिळाली. जाणकारासाठी हे मोठे स्वातंत्र्य आहे. नवख्यासाठी मात्र तो फसवणुकीचा हमरस्ता ठरू शकतो: संदेशातून एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवण्याची फाइल) पाठवायची, ती बसवायला लावायची आणि मग खात्यातले पैसे काढायचे, ही रीत भामट्यांच्या अंगवळणी पडली आहे. अँड्रॉइड घेतला तर ‘अनोळखी ॲप बसवा’ ही परवानगी बंदच ठेवावी आणि ती चालू करायला सांगणाऱ्या कोणाचेही ऐकू नये.

दुसरी पायरी: भोवतालची माणसे पाहा

या पायरीला तांत्रिक लेखांत फारसे स्थान मिळत नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. पहिल्यांदा स्मार्टफोन घेणाऱ्याला सुरुवातीच्या काही महिन्यांत वारंवार कुणाला तरी विचारावे लागते. ज्या व्यक्तीला आपण विचारणार आहोत तिच्या हातात कोणता फोन आहे, याचे वजन कागदावरच्या वैशिष्ट्यांपेक्षा जास्त आहे. घरातील बहुतेकांकडे आयफोन असेल, तर आयमेसेज (संदेश), फेसटाइम (व्हिडिओ कॉल), एअरड्रॉप (जवळच्या उपकरणावर फाइल पाठवणे) आणि कुटुंबात वाटून घेतलेली साठवण यांचा लाभ आपोआप मिळतो. तसेच अँड्रॉइडच्या घरात गूगल फोटोचे सामायिक अल्बम आणि एअरड्रॉपसारखेच काम करणारे क्विक शेअर यांचा.

दोन्हींमधील भिंत पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. फेसटाइमच्या कॉलमध्ये दुवा पाठवून अँड्रॉइडवाल्याला ब्राउझरमधून सामील करून घेण्याची सोय २०२१ मध्ये आली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ ने आरसीएस हा संदेशांचा मानक स्वीकारला. त्यामुळे मोबाइल सेवा कंपनीचा पाठिंबा असेल तिथे दोन्हींमध्ये चांगल्या प्रतीचे फोटो साध्या संदेशांतूनही जातात. व्हॉट्सॲप, सिग्नल यांसारखी ॲप वापरणाऱ्यांना तर हा भेद जाणवतच नाही.

मुलाला फोन द्यायचा असेल तर आणखी एक बारकावा आहे. मुलांच्या फोनवर मर्यादा घालणारे गूगलचे फॅमिली लिंक हे ॲप पालकाच्या आयफोनवरही चालते, म्हणजे मुलाच्या अँड्रॉइडवर आयफोनधारक पालक लक्ष ठेवू शकतो. याउलट मुलाच्या आयफोनवर मर्यादा घालण्यासाठी पालकाकडे ॲपलचेच उपकरण असावे लागते.

तिसरी पायरी: फोनला अपडेट किती वर्षे मिळतील?

या पायरीवर घाई करू नये. अपडेट दोन प्रकारचे असतात. दरवर्षी येणारी नवी आवृत्ती फोनचे रूप आणि सोयी बदलते. तिच्यावाचून काम चालते. सुरक्षा अपडेट मात्र ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सापडलेली भगदाडे बुजवतात आणि ते थांबले की फोन दिसायला तसाच राहूनही दिवसेंदिवस असुरक्षित होत जातो. काही काळाने बँकेची ॲपही जुन्या आवृत्तीवर चालायला नकार देतात. अँड्रॉइडमध्ये ब्राउझरसारखे अनेक भाग प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होत राहतात, त्यामुळे अपडेट थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन निकामी होत नाही. तरीही खोलवरच्या, म्हणजे कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) यांच्या पातळीवरच्या उणिवा तशाच उघड्या राहतात.

या बाबतीत आयफोनची ख्याती जुनी आणि सिद्ध आहे. २०१८ साली आलेल्या आयफोन एक्सआरला २०२४ च्या आयओएस १८ पर्यंत प्रत्येक वार्षिक आवृत्ती मिळाली. अँड्रॉइडच्या गोटात अनेक वर्षे हा कच्चा दुवा होता, पण गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ बरोबर आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ बरोबर सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. म्हणजे वरच्या श्रेणीत आता दोघे जवळपास बरोबरीला आले आहेत. परंतु एखाद्या कंपनीने महागड्या मॉडेलला दिलेले वचन तिच्याच स्वस्त मॉडेलला लागू असेलच असे नाही. त्यामुळे कंपनीचे नाव पाहून समाधान न मानता, त्या विशिष्ट मॉडेलसाठी कंपनीच्या संकेतस्थळावर काय लिहिले आहे ते वाचावे, आणि तिथे काहीच लिहिले नसेल तर ते मौनही उत्तर म्हणून धरावे.

दुसरा सापळा मोजणीचा आहे. ही वर्षे साधारणतः मॉडेल बाजारात आले त्या तारखेपासून मोजली जातात, आपण ते विकत घेतले त्या दिवसापासून नव्हे. सवलतीत मिळणारे दोन वर्षे जुने मॉडेल घेतले, तर त्याच्या आयुष्यातली दोन वर्षे आधीच सरलेली असतात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत ही मोजणी ग्राहकाच्या बाजूने वळवली आहे: मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध असले पाहिजेत.

म्हणून किमतीची तुलना अशी करावी: फोनच्या किमतीला अपडेटच्या उरलेल्या वर्षांनी भागावे. एक फोन दुसऱ्याच्या दुप्पट किमतीचा आहे, पण पहिल्याला सहा वर्षे उरली आहेत आणि दुसऱ्याला दोन, तर वर्षाच्या हिशेबाने महाग दिसणारा पहिलाच स्वस्त पडतो. अर्थात हा हिशेब फोन खरोखर तितकी वर्षे वापरणाऱ्यालाच लागू आहे. त्यात मध्यावर एकदा बॅटरी बदलण्याचा खर्चही धरावा. आपल्या आवाक्यात त्या कंपनीचे अधिकृत दुरुस्ती केंद्र आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे; ते नसेल तर सात वर्षांचे वचन निम्मे वाया जाते.

चौथी पायरी: माहिती कुणाच्या हाती आणि ती परत मिळेल का?

गूगलचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते, ॲपलचे मुख्यतः उपकरणांच्या विक्रीतून, आणि या फरकाचे पडसाद दोन्हींच्या रचनेत उमटतात. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ ने असा नियम आणला, की इतर ॲप आणि संकेतस्थळांवर आपला माग काढण्यापूर्वी प्रत्येक ॲपने विचारलेच पाहिजे. त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड १२ ने कॅमेरा किंवा मायक्रोफोन चालू असल्याची खूण आणि कोणत्या ॲपने काय वापरले हे दाखवणारा फलक दिला. तरीही ॲपलला निव्वळ साधुत्व बहाल करू नये. आपल्या ब्राउझरमध्ये गूगलचा शोध आधीपासून ठेवण्यासाठी ॲपलला गूगलकडून २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले, हे अमेरिकेतील न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले आहे.

माझे मत असे आहे, की काहीही न बदलता वापरायला घेतलेला आयफोन तशाच अँड्रॉइडपेक्षा अधिक खासगीपणा देतो. अर्धा तास सेटिंगमध्ये घालवून जाहिरातींचे वैयक्तिकीकरण, ठिकाणाचा इतिहास आणि ॲपच्या परवानग्या आवरल्या तर अँड्रॉइडही बराच जवळ येतो. तो अर्धा तास आपण खरोखर देणार आहोत का, याचे प्रामाणिक उत्तर मनाशी द्यावे. आयफोनवर गूगलचीच सगळी ॲप वापरली तर हा फरक बऱ्याच अंशी पुसला जातो, हेही खरे.

परतीच्या वाटेचा विचार इथेच करावा लागतो. गूगल खात्याबरोबर १५ जीबी साठवण विनामूल्य मिळते, आयक्लाउड या ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत ५ जीबी. दोन्ही भरतात, आणि मग दरमहा पैसे भरण्याची सवय लागते. गूगल फोटो दोन्ही प्रकारच्या फोनांवर ॲपच्या रूपाने चालते; आयक्लाउडमधले फोटो अँड्रॉइडवर पाहायचे तर ब्राउझरचा आधार घ्यावा लागतो. नोंदी, पासवर्ड, दिनदर्शिका आणि फोटो यांपैकी शक्य तितक्या गोष्टी दोन्हींकडे चालणाऱ्या सेवांत ठेवल्या, तर आजची निवड उद्या बदलणे सोपे जाते. वर्षातून एकदा सर्व फोटोंची प्रत संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, फोन कोणताही असो.

घड्याळ आणि इतर जोडवस्तू

ॲपल वॉच चालवायला आयफोन लागतो. वेअर ओएस या गूगलच्या घड्याळांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्त्यांवरची घड्याळे अँड्रॉइडशीच जुळतात. घड्याळ आधीच घरात असेल तर निर्णय जवळजवळ झालेलाच आहे. ब्लूटूथ हेडफोन कुठेही चालतात, फक्त एअरपॉडच्या काही सोयी आयफोनबाहेर मिळत नाहीत. चार्जरचा जुना वाद सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ने यूएसबी-सी घेतल्यावर मिटला.

पाचवी पायरी: हातात घेऊन पाहा

दुकानात किंवा परिचिताकडे दोन्ही फोन हातात घ्यावेत आणि कॅमेऱ्याकडे न वळता चार साधी कामे करून पाहावीत: आपल्या भाषेत एक लांब संदेश टंकित करावा, अक्षरांचा आकार वाढवावा, एखादी सूचना बंद करावी आणि दोन-तीन ॲपमधून मागे यावे. अँड्रॉइडमध्ये पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढले की एक पायरी मागे जाता येते. आयफोनमध्ये ही क्रिया मुख्यतः डाव्या कडेवरून होते आणि ॲपनुसार थोडी बदलते. कळफलकाची परीक्षा तर चुकवूच नये, कारण जोडाक्षरे आणि शब्दसूचना यांत फोनाफोनांत जाणवण्याइतका फरक असतो.

दृष्टी अधू असणाऱ्यांसाठी दोन्हींकडे पडदा वाचून दाखवणारी सोय आहे: आयफोनवर २००९ पासून व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक. दोन्हींमध्ये पडद्यावर बोटांनी करायच्या खुणा वेगळ्या असल्याने अंगवळणी पडलेली सोय सोडण्यापूर्वी दुसरी नीट वापरून पाहावी. ज्येष्ठांसाठी सॅमसंगमध्ये ‘इझी मोड’ आणि आयओएस १७ पासून आयफोनमध्ये ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ हे मोठ्या चिन्हांचे, कमी पर्यायांचे रूप मिळते.

आता निर्णय

खर्चाला मर्यादा असेल, तर फार जुन्या आयफोनच्या मागे लागण्यापेक्षा अपडेटचे लेखी वचन असलेला मध्यम श्रेणीचा नवा अँड्रॉइड घ्यावा. सेटिंगमध्ये डोके घालायचे नसेल, फोन सहा-सात वर्षे टिकवायचा असेल आणि जवळची माणसे आयफोन वापरत असतील, तर आयफोनला जास्तीचे पैसे मोजणे योग्य आहे. फायली, मेमरी कार्ड, पडद्याची हवी तशी मांडणी यांची ओढ असेल तर अँड्रॉइडच मानवेल. आणि पारडी समसमान राहिली, तर सध्या जी ऑपरेटिंग सिस्टीम वापरतो तिच्यातच राहावे. स्थलांतराचा त्रास खरा असतो आणि तो ठोस कारणासाठीच सोसावा.

वापरलेला फोन घेत असाल तर त्याची बॅटरी आणि उरलेली अपडेटची वर्षे तपासावीत, आणि आधीच्या मालकाने आपले खाते काढून टाकले आहे याची त्याच्यासमोरच खात्री करावी. ते राहिले तर ॲपलचे ॲक्टिव्हेशन लॉक किंवा अँड्रॉइडचे रीसेट संरक्षण फोन वापरूच देत नाही.

शेवटची पायरी: एकीकडून दुसरीकडे जाताना

सामान हलवण्याची सोय दोन्ही बाजूंनी आहे. अँड्रॉइडवरून येणाऱ्यांसाठी ॲपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप आहे. आयफोनवरून अँड्रॉइडकडे जाताना तारेने दोन फोन जोडून संपर्क, फोटो आणि संदेश नेता येतात. मोठी अडचण व्हॉट्सॲपच्या जुन्या संभाषणांची असते. अँड्रॉइडवरून आयफोनवर ती ‘मूव्ह टू आयओएस’ने न्यायची तर आयफोन नवा कोरा किंवा पूर्ण रीसेट केलेला (सगळे पुसून मूळ स्थितीत आणलेला) असावा लागतो, त्यामुळे घाईने फोन सुरू करून वापरू लागण्यापूर्वीच हे काम करावे.

एका दुकानातून विकत घेतलेली ॲप दुसऱ्या दुकानात पुन्हा विकत घ्यावी लागतात. दरमहा पैसे कापणारी सदस्यत्वे जुन्या दुकानातून स्वतः रद्द करावीत, नाहीतर फोन बदलल्यावरही वसुली चालूच राहते. आयफोन सोडणाऱ्याने सिम काढण्यापूर्वी आयमेसेज बंद करावे, अन्यथा इतर आयफोनधारकांचे संदेश जुन्याच पत्त्यावर जाऊन आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. बँका आणि ईमेल यांच्यासाठी दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे पासवर्डनंतर विचारले जाणारे, कोड देणारे ॲप असेल, तर ते नव्या फोनवर चालू झाले आहे आणि त्यावरून प्रत्येक खात्यात प्रवेश मिळतो आहे, हे एकेक करून पाहावे.

जुना फोन महिनाभर जवळच ठेवावा, कारण राहून गेलेली गोष्ट सहसा दोन-तीन आठवड्यांनी आठवते. मग त्यातील खात्यातून बाहेर पडावे, ‘फाइंड माय’ (हरवलेले उपकरण शोधणारी ॲपलची सोय) किंवा त्याच्या अँड्रॉइडवरील प्रतिरूपाच्या यादीतून तो काढावा, बँकेच्या आणि ईमेलच्या सुरक्षा पानावर विश्वासू उपकरणांतून त्याचे नाव वगळावे, आणि हे सर्व झाल्यावरच पूर्ण रीसेट करून तो दुसऱ्याच्या हाती द्यावा.